कंपनीच्या बुरख्याआडचा मालक

सदनिकेसाठी पैसे भरून बसलेला ग्राहक, माल पुरवून सहा-सहा महिने बिलाची वाट पाहणारा लघुउद्योजक, देणी न मिळताच कारखान्याच्या फाटकाबाहेर पडलेला कामगार आणि मुदत ठेवीची पावती जपून ठेवलेला निवृत्त शिक्षक, या चौघांचा प्रश्न एकच असतो. कंपनी बुडाली असे सांगतात, मग तिचा मालक अजून त्याच बंगल्यात कसा राहतो आणि त्याच गाडीतून कसा फिरतो? वकिलाकडून मिळणारे उत्तर त्यांना थट्टेसारखे वाटते. बंगला कंपनीचा नाही आणि देणे मालकाचे नाही, असे ते उत्तर असते. कायद्याच्या दृष्टीने ते बहुतेक वेळा बरोबर असते. मात्र ते नेहमीच बरोबर नसते. ते केव्हा चूक ठरते, एवढाच या लेखाचा विषय आहे.

कंपनी ही कायद्याने निर्माण केलेली व्यक्ती आहे. तिला स्वतःचे नाव असते, ती मालमत्ता धारण करते, कर्ज काढते, दावा लावते आणि तिच्यावर दावा लावता येतो. भागधारक मरण पावले, बदलले, तरी ती राहते. तिचे देणे हे तिचेच देणे असते. भागधारकाने शेअरची पूर्ण रक्कम भरली असेल तर त्याच्याकडे आणखी काही मागता येत नाही. यालाच मर्यादित दायित्व म्हणतात आणि कंपनीच्या नावापुढील 'लिमिटेड' या शब्दाचा अर्थ तोच होय. गंमत अशी की, ही पाटी मुळात इशारा म्हणून लावायची होती. या संस्थेशी व्यवहार करणाऱ्याने तिच्या मालकांच्या खिशाकडे पाहू नये, एवढेच ती सांगते. आपल्याकडे मात्र 'लिमिटेड' म्हणजे काहीतरी मोठे आणि भरवशाचे, असा समज रूढ झाला.

इंग्लंडमध्ये मर्यादित दायित्वाचा कायदा १८५५ मध्ये झाला आणि १८५७ मध्ये ही सवलत हिंदुस्थानातील कंपन्यांनाही मिळाली. पुढच्या आठ वर्षांतच मुंबईने शेअरबाजारातील लाट आणि १ जुलै १८६५ रोजी तिचे फुटणे, दोन्ही अनुभवले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसात आलेला पैसा रोज निघणाऱ्या कंपन्यांत ओतला गेला होता. मर्यादित दायित्व भागधारकाला कंपनीच्या कर्जापासून वाचवते. शेअर घेण्यासाठी त्याने स्वतः काढलेल्या कर्जापासून ते कोणालाच वाचवू शकत नाही, हा धडा तेव्हाच्या अनेक पेढ्यांना महागात पडला.

बूटविक्रेत्याचा खटला

या विषयाची चर्चा एका बूटविक्रेत्यापासून सुरू करण्याचा प्रघात आहे आणि तो योग्यच आहे. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात ॲरन सालोमन नावाचा चामड्याचा व बुटांचा व्यापारी होता. धंदा चांगला चालत होता. १८९२ मध्ये त्याने आपला धंदा एका नव्या कंपनीला विकला. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे कंपनीला किमान सात सभासद लागत. सालोमनने स्वतःबरोबर पत्नी, मुलगी आणि चार मुलगे असे सात जण जमवले. या सहा जणांकडे प्रत्येकी एक शेअर, उरलेले वीस हजार एक शेअर सालोमनकडे. धंद्याची किंमत सुमारे ३९ हजार पौंड ठरवण्यात आली. ती जरा फुगवलेलीच होती. या किमतीपोटी शेअरांखेरीज कंपनीने त्याला १० हजार पौंडांचे कर्जरोखेही दिले. कर्जरोख्यांना कंपनीच्या मालमत्तेचे तारण होते. म्हणजे आपल्याच धंद्याचा मालक आता त्या धंद्याचा तारणधारक सावकारही झाला.

बूटव्यवसायात मंदी आली, संप झाले. सालोमनने आपले कर्जरोखे ब्रॉडेरिप नावाच्या सावकाराकडे ठेवून पाच हजार पौंड उभे केले आणि ते कंपनीत घातले. त्याचाही उपयोग झाला नाही. १८९३ मध्ये कंपनी अवसायनात गेली. मालमत्ता विकून ब्रॉडेरिपचे पैसे फिटले आणि सुमारे हजार पौंड उरले. विनातारण माल देणाऱ्या व्यापाऱ्यांचे देणे साडेसात हजारांहून अधिक होते. उरलेल्या हजार पौंडांवर सालोमनने कर्जरोखेधारक म्हणून हक्क सांगितला. अवसायकाने उलट दावा केला की, ही कंपनी म्हणजे सालोमनच आहे, तेव्हा सगळे देणे त्यानेच फेडावे.

खालच्या दोन्ही न्यायालयांनी अवसायकाचे म्हणणे मानले. एका न्यायालयाने कंपनीला सालोमनची मुखत्यार ठरवले, दुसऱ्याने कायद्याचा हा दुरुपयोग असल्याचे म्हटले. हाउस ऑफ लॉर्ड्सने नोव्हेंबर १८९६ मध्ये दोन्ही निकाल फिरवले. कायद्याने सात सभासद मागितले होते, ते सात आहेत. त्या सातांनी परस्परांपासून स्वतंत्र असावे किंवा प्रत्येकाने भरघोस पैसे घालावेत, अशी अट कायद्यात नाही. मग न्यायालयाने ती कोठून आणायची? कंपनी रीतसर नोंदली गेली की ती वेगळी व्यक्ती झाली, मग धंदा तोच असो, माणसे तीच असोत आणि नफा त्याच हातात जात असो. ज्यांनी माल उधार दिला त्यांना कंपनीची नोंदवही पाहता आली असती, हाही युक्तिवाद होता. व्हाइटचॅपलचा कातडे विकणारा किती व्यापारी उधारी देण्याआधी नोंदवही चाळायला जात असेल, हा प्रश्न मात्र कोणी फारसा विचारला नाही. पुढे १९४४ मध्ये ओटो कान-फ्रॉइंड या विधिज्ञाने हा निकाल अनर्थकारक असल्याचे म्हटले. तरीही जगातील बहुतेक कंपनी कायदा आजही याच निकालाच्या पायावर उभा आहे.

सालोमनविषयी एक गोष्ट नोंदवायला हवी. तो लबाड नव्हता. त्याने आपले पैसे काढून पळ काढला नव्हता. उलट कर्जरोखे गहाण टाकून कंपनी वाचवण्याचा प्रयत्न केला होता. त्यामुळे हा निकाल अप्रामाणिक मालकाच्या बाजूचा नाही. पण पुढे त्याचा आधार अप्रामाणिक मालकांनीही घेतला, आणि तेव्हा न्यायालयांना अपवाद शोधावे लागले.

बुरखा केव्हा दूर होतो

कंपनी आणि तिच्यामागची माणसे यांच्यातील या कायदेशीर आडपडद्याला इंग्रजीत बुरख्याची उपमा दिली गेली. मराठीत 'बुरखा फाडणे' हा वाक्प्रचार आधीपासूनच असल्याने ती सहज रुळली. दोन गोष्टींत मात्र फरक करायला हवा. बुरखा उचलून आत कोण आहे ते पाहणे वेगळे आणि तो फाडून आतल्या माणसाकडून वसुली करणे वेगळे. पहिली गोष्ट न्यायालये तुलनेने सहज करतात. दुसरी फार क्वचित.

पहिल्या महायुद्धातला खटला बुरखा उचलण्याचा होता. टायर विकणारी एक कंपनी इंग्लंडमध्ये नोंदलेली होती, पण एक शेअर सोडून बाकी सारे जर्मनांकडे होते. तिचे देणे फेडले तर पैसा शत्रूकडे जाईल, अशी अडचण डेमलर कंपनीने मांडली. कंपनीचे नियंत्रण कोणाच्या हाती आहे हे पाहून तिला शत्रुपक्षीय मानता येते, असे १९१६ मध्ये ठरले. १९३३ मधील गिलफर्ड मोटर कंपनीच्या खटल्यात एका माजी व्यवस्थापकीय संचालकाने जुन्या कंपनीचे ग्राहक ओढणार नाही असे लिहून दिले होते. त्याने पत्नी व एका सहकाऱ्याच्या नावे कंपनी काढली आणि तेच केले. न्यायालयाने मनाई हुकूम त्याला आणि त्याच्या कंपनीला, दोघांनाही लागू केला. १९६२ मधील जोन्स विरुद्ध लिपमन खटला आपल्याकडील जमीनव्यवहाराच्या कोणत्याही जाणकाराला ओळखीचा वाटेल. जागा विकण्याचा करार केला, मन बदलले, आणि करार टाळण्यासाठी जागा स्वतःच्याच कंपनीच्या नावे केली. न्यायालयाने दोघांनाही जागा देण्यास फर्मावले.

या साऱ्यात समान धागा असा की, जबाबदारी आधी अस्तित्वात होती आणि कंपनी ती चुकवण्यासाठी मधे आणली गेली. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये प्रेस्ट या तेलव्यापाऱ्याच्या घटस्फोटाच्या खटल्यात हाच धागा पकडून नियम आणखी आवळला. लॉर्ड सम्प्शन यांनी लपवणे आणि चुकवणे असे दोन प्रकार सांगितले. खरा मालक कोण हे कंपनी फक्त लपवत असेल तर न्यायालय ते शोधून काढेल, त्यासाठी बुरखा फाडण्याची गरज नाही. आधीचे बंधन चुकवण्यासाठी कंपनी वापरली असेल तरच तो फाडता येईल. त्या खटल्यात बुरखा शाबूत राहिला, पण कंपन्यांच्या नावावरील घरे त्या पतीच्याच वतीने धारण केलेली होती असा निष्कर्ष काढून पत्नीला ती मिळाली. परिणाम तोच, वाट दुसरी.

आपल्याकडील दाखले

आपल्याकडील एक जुना आणि रंजक दाखला मुंबईचा आहे. सर दिनशा माणेकजी पेटिट हे गिरणीमालक घराण्यातील बॅरोनेट, महंमद अली जीना यांचे सासरे. अतिरिक्त कर कमी व्हावा म्हणून त्यांनी चार खासगी कंपन्या काढल्या, आपली गुंतवणूक त्यांच्या नावे केली आणि लाभांश व व्याज कंपन्यांकडे जाऊ दिले. मग तेच पैसे कंपन्यांनी त्यांना 'कर्ज' म्हणून द्यायचे. मुंबई उच्च न्यायालयाने १९२७ मध्ये या कंपन्या म्हणजे स्वतः करदाताच होत, असे सांगितले. त्या कंपन्यांना दुसरा कोणताही धंदा नव्हता. पैसे घेणे आणि कर्जाचे सोंग आणून परत करणे, एवढेच त्यांचे काम होते.

भावनगरच्या असोसिएटेड रबर इंडस्ट्रीच्या कामगारांच्या बाबतीत सोंग वेगळे होते, हेतू तोच. कंपनीकडे दुसऱ्या एका कंपनीचे शेअर होते आणि त्यावरील लाभांश नफ्यात धरून कामगारांना बोनस मिळे. कंपनीने संपूर्ण मालकीची एक उपकंपनी काढून ते शेअर तिच्याकडे वळवले. लाभांश उपकंपनीत गेला, मूळ कंपनीचा नफा आटला आणि बोनस कमी झाला. त्या उपकंपनीला दुसरे भांडवल नव्हते की दुसरा उद्योग. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये हा बनाव बाजूला सारून लाभांश बोनसच्या हिशेबात धरण्यास सांगितले.

त्याच वर्षी डिसेंबरात एस्कॉर्ट्स खटल्याचा निकाल आला. स्वराज पॉल यांच्या कपारो समूहाने घेतलेल्या शेअरांवरून तो वाद होता. कायद्याच्याच तरतुदीत बुरखा उचलणे अभिप्रेत असेल, फसवणूक वा गैरवर्तन रोखायचे असेल, करविषयक किंवा कल्याणकारी कायदा चुकवला जात असेल, अथवा संलग्न कंपन्या इतक्या गुंतलेल्या असतील की त्या वस्तुतः एकच उद्योग आहेत, अशा परिस्थितीत बुरखा उचलता येईल, असे न्यायमूर्ती चिनप्पा रेड्डी यांनी सांगितले. ही यादी पूर्ण नाही आणि पूर्ण करणे इष्टही नाही, असेही त्यांनी स्पष्ट केले. भारतीय वकील आजही युक्तिवादाची सुरुवात इथून करतात.

सदनिका आणि दुकानगाळे घेणाऱ्यांनी मात्र १९९६ चा स्किपर कन्स्ट्रक्शनचा निकाल लक्षात ठेवावा. दिल्ली विकास प्राधिकरणाने झंडेवालान येथील भूखंडाचा १९८० मध्ये लिलाव केला. स्किपरची ९ कोटी ८२ लाखांची बोली सर्वांत मोठी ठरली. सुरुवातीची रक्कम भरल्यानंतर हप्ते थकले. मुदतवाढी, खटले, स्थगिती असे एक दशक गेले. या काळात कंपनीने उभ्या न राहिलेल्या इमारतीतील जागा लोकांना विकून कोट्यवधी रुपये गोळा केले, काही जागा तर एकाहून अधिक जणांना विकल्या गेल्या. प्रवर्तक आणि त्यांच्या कुटुंबीयांनी अनेक कंपन्या उभ्या केल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने न्यायालयाच्या अवमानाची शिक्षा तर दिलीच, पण तेवढ्यावर न थांबता घटनेच्या १४२ व्या अनुच्छेदाचा आधार घेऊन कुटुंबाच्या मालमत्तेवर जप्ती आणली. कंपनी हे फसवणुकीचे साधन झाले असेल तर कंपन्यांची रांग न्यायालयाच्या वाटेत उभी राहू शकत नाही, हा या निकालाचा आशय होय. यात एक मेख आहे. १४२ व्या अनुच्छेदाचा अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाला आहे. जिल्हा न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात बसलेल्या न्यायाधीशाच्या हाती ते हत्यार नाही.

कंपनीने स्वतःच्या सोयीसाठी स्वतःचा बुरखा उचलायला सांगितले तर? टेल्कोने १९६४ मध्ये नागरिकांचे मूलभूत हक्क मिळवण्यासाठी तसे मागितले, मिळाले नाही. सिंगर कंपनीने भाडेकराराच्या वादात २००४ मध्ये मागितले, मिळाले नाही. पण १९८८ मध्ये रेणुसागर ही वीजकंपनी म्हणजे हिंदाल्कोच, असे न्यायालयाने मान्य केले आणि हिंदाल्कोला वीजशुल्काचा लाभ झाला. या तिन्ही निकालांची सांगड घालण्याचे प्रयत्न पाठ्यपुस्तकांत सापडतात. प्रस्तुत लेखकाला ते फारसे पटलेले नाहीत.

नकाराचे निकाल

अलीकडची दिशा आवळण्याची आहे. एअर इंडियाच्या उपाहारगृहातील कामगारांनी आपण एअर इंडियाचेच कर्मचारी आहोत असा दावा केला होता. उपाहारगृह चालवणारी कंपनी ही एअर इंडियाची उपकंपनी होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दावा फेटाळला. जबाबदारी टाळण्यासाठीच मुद्दाम उभे केलेले सोंग असल्याचे उघड दिसत असेल तरच बुरखा दूर करावा, केवळ मालकी आणि नियंत्रण एका हाती आहे म्हणून नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. तीन दशकांपूर्वी भावनगरच्या कामगारांना जे मिळाले त्याच्याशी हे ताडून पाहावे. व्होडाफोनच्या करखटल्यात २०१२ मध्ये केमन बेटांवरील कंपनीचा बुरखा उचलण्यास सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला, सरकारने त्याच वर्षी पूर्वलक्षी दुरुस्ती केली आणि २०२१ मध्ये ती मागे घेतली. तो मोठा आणि स्वतंत्र विषय आहे.

मुंबईच्या वाचकांना अधिक जवळचे प्रकरण म्हणजे नॅशनल स्पॉट एक्स्चेंज. ३१ जुलै २०१३ रोजी या वस्तुबाजारातील व्यवहार थांबले आणि सुमारे ५,६०० कोटी रुपयांची देणी उघडी पडली. गोदामांत असायला हवा तो माल नव्हता. या बाजाराचे जवळपास सर्व शेअर फायनान्शियल टेक्नॉलॉजीज या कंपनीकडे होते, जिचे नाव पुढे '६३ मून्स' झाले. उपकंपनीकडे पैसे नव्हते, मूळ कंपनीकडे होते. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये एक धाडसी उपाय केला. बुरखा फाडण्याच्या भानगडीत न पडता त्याने दोन कंपन्यांचे सक्तीने विलीनीकरण करण्याचा आदेश काढला. विलीनीकरण झाले की उपकंपनीचे देणे आपोआप मूळ कंपनीचे झाले असते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो आदेश उचलून धरला. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०१९ रोजी तो रद्द केला. मूळ कंपनीच्या भागधारकांचे नुकसान करून एका गटाच्या धनकोंची वसुली करणे म्हणजे सार्वजनिक हित नव्हे, हा त्यातला गाभा.

पण कथा तिथे संपली नाही. महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम, १९९९ या राज्याच्या कायद्याखाली ६३ मून्सच्या मालमत्तेवर जप्ती आली होती. उच्च न्यायालयाने ती २०१९ मध्ये उठवली. सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ रोजी हा निकाल फिरवून एक्स्चेंज ही 'वित्तीय आस्थापना' असल्याचे सांगितले आणि जप्तीच्या अधिसूचना वैध ठरवल्या. म्हणजे सर्वसाधारण कंपनी कायद्याने जी भिंत ओलांडता आली नाही, ती एका राज्याच्या विशेष कायद्याने ओलांडली. या विषयातील सर्वांत उपयोगी धडा हाच आहे. न्यायालयाच्या सर्वसाधारण तत्त्वापेक्षा कायद्यातील नेमके कलम अधिक कामाचे असते.

या १९९९ च्या कायद्याला सामान्य बोलीत 'एमपीआयडी' म्हणतात. ठेव लबाडीने बुडवल्यास प्रवर्तक, भागीदार, संचालक, व्यवस्थापक यांना सहा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ठेवीतून घेतलेली मालमत्ता सापडत नसेल किंवा पुरेशी नसेल तर या व्यक्तींची अन्य मालमत्ता जप्त करण्याचा अधिकार सरकारला आहे. मालमत्ता वाईट हेतूने दुसऱ्याच्या नावे केली असेल तर तोही विशेष न्यायालयाच्या कक्षेत येतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००५ मध्ये हा कायदा घटनाबाह्य ठरवला होता. सर्वोच्च न्यायालयाने नंतर तमिळनाडूच्या तशाच कायद्याबरोबर यालाही मान्यता दिली. सहकारी पतसंस्थांच्या बाबतीत राज्याच्या सहकार कायद्यातील कलम ८८ हे असेच काम करते, म्हणजे संचालकांवर वैयक्तिक नुकसानीची जबाबदारी निश्चित करते. पतसंस्थेत हात पोळलेल्यांना हा आकडा पाठ असतो.

भोपाळचे नाव इथे घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. युनियन कार्बाइड इंडियाचे ५०.९ टक्के शेअर अमेरिकेतील मूळ कंपनीकडे होते. वायुकांडाची जबाबदारी त्या कंपनीवर टाकायची तर बुरखा दूर करणे भाग होते. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सेठ यांनी १९८८ मध्ये २५० कोटी रुपयांच्या अंतरिम भरपाईचा आदेश देताना ते पाऊल टाकलेही. पण फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली आणि मूळ कंपनीची जबाबदारी हा प्रश्न अंतिम निर्णयाविनाच मिटला. ब्रिटनमध्ये अशा प्रश्नाची वेगळी वाट निघाली आहे. उपकंपनीच्या कामात मूळ कंपनीनेच लक्ष घातले असेल तर तिचा स्वतःचा निष्काळजीपणा पाहावा, बुरख्याला हात लावण्याचे कारण नाही. झांबियातील तांब्याच्या खाणीच्या प्रदूषणाबद्दल तिथल्या ग्रामस्थांनी वेदान्त समूहावर लावलेला दावा २०१९ मध्ये लंडनमध्ये याच मुद्द्यावर पुढे चालू देण्यात आला.

कायद्यानेच ठेवलेली दारे

संचालकाला किंवा मालकाला वैयक्तिक जबाबदार धरणारी कलमे अनेक कायद्यांत विखुरलेली आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार कंपनीची नोंदणीच खोट्या माहितीवर झाली असेल तर न्यायाधिकरण सभासदांचे दायित्व अमर्याद ठरवू शकते. ठेवी फसवण्याच्या हेतूने स्वीकारल्या असे सिद्ध झाले तर कलम ७५ अन्वये जबाबदार अधिकाऱ्यांचे दायित्व अमर्याद व वैयक्तिक असते. कंपनी अवसायनात निघाल्यावर धंदा धनकोंना फसवण्यासाठी चालवला होता असे दिसले तर कलम ३३९ लागते. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेतील कलम ६६ एक पाऊल पुढे जाते. नादारी आता टळत नाही हे संचालकाला कळले होते किंवा कळायला हवे होते, तरीही धनकोंचे नुकसान कमी करण्याची योग्य काळजी त्याने घेतली नाही, तर फसवणुकीचा हेतू सिद्ध न होताही त्याच्याकडून भरपाई घेता येते. बुडत्या जहाजावर आगाऊ रकमा घेत राहणाऱ्या विकासकाला हे कलम नेमके लागू पडण्यासारखे आहे. दुर्दैवाने नादारी व्यावसायिकाने वर्षांमागच्या हिशेबांत शिरून अर्ज करायचा, पुरावा गोळा करायचा आणि तोवर पैसा शिल्लक असायचा, इतक्या गोष्टी जुळून याव्या लागतात.

सरकारने स्वतःच्या पैशांची सोय मात्र उत्तम केली. खासगी कंपनीकडून कर वसूल होत नसेल तर तो संचालकांकडून घेण्याची तरतूद १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात कलम १७९ ने होती आणि वस्तू व सेवा कर कायद्यात कलम ८९ ने आहे. इथे पुराव्याचे ओझेही उलटे आहे. आपल्या घोर निष्काळजीपणामुळे, गैरवर्तनामुळे किंवा कर्तव्यभंगामुळे वसुली थकली नाही, हे संचालकाने सिद्ध करायचे. ठेवीदाराला किंवा माल पुरवणाऱ्याला अशी सवलत कोणत्याही कायद्याने दिलेली नाही.

बँकांनी तर कायद्याची वाटच पाहिली नाही. कोणत्याही लहान वा मध्यम कंपनीला कर्ज देताना बँक प्रवर्तकांची वैयक्तिक हमी आणि बहुधा राहत्या घराचे तारण घेते. या एका कागदावर सही झाली की सालोमनचा निकाल त्या कर्जापुरता संपला. हमीदारांविरुद्ध नादारीची कारवाई डिसेंबर २०१९ पासून सुरू झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तिला मान्यता दिली. कंपनीची योजना मंजूर झाली म्हणून हमीदार सुटत नाही, हेही त्याच निकालात स्पष्ट झाले. परिणामी वस्तुस्थिती अशी की, ज्याच्याकडे सौदा करण्याची ताकद आहे त्याच्यासाठी बुरखा उरतच नाही आणि ज्याच्याकडे ती नाही त्याच्यासाठी तो जाड भिंत होऊन बसतो. त्यातच खासगी कंपनीसाठी एक लाख रुपयांच्या किमान भरणा झालेल्या भांडवलाची अट २०१५ मध्ये रद्द झाली. अत्यल्प भांडवलाची कंपनी लोकांकडून कोट्यवधींचे बुकिंग घेऊ शकते. न्यूयॉर्कमध्ये १९६६ साली असाच एक खटला गाजला. एका टॅक्सीमालकाने दहा कंपन्या काढून प्रत्येकीत दोनच टॅक्सी ठेवल्या होत्या आणि विमा कायद्याने सक्तीचा तेवढाच. टॅक्सीखाली जखमी झालेल्या माणसाला त्या मालकापर्यंत पोचता आले नाही. एका न्यायाधीशाने मतभेद नोंदवून अशा पोकळ कंपन्यांवर टीका केली. ती आपल्याकडील काही 'प्रकल्पागणिक कंपनी' काढणाऱ्या विकासकांनाही लागू पडावी.

नाममात्र संचालकांचा प्रश्न

नाण्याची दुसरी बाजूही आहे. खासगी कंपनीला किमान दोन संचालक लागतात आणि दुसरे नाव म्हणून पत्नीची किंवा आईची सही घेण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. कंपनीचा धनादेश वटला नाही की परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ व १४१ खालील नोटीस सगळ्या संचालकांच्या नावे निघते. ज्या गृहिणीने कंपनीचे कार्यालयही पाहिलेले नाही ती फौजदारी न्यायालयाच्या बाकावर येऊन बसते. सर्वोच्च न्यायालयाने एस. एम. एस. फार्मास्युटिकल्स प्रकरणात २००५ मध्ये हे स्पष्ट केले की, केवळ संचालक असणे पुरेसे नाही. त्या वेळी कंपनीचा कारभार त्या व्यक्तीकडे होता आणि ती त्याला जबाबदार होती, असे तक्रारीत नेमके नमूद करावे लागते. व्यवस्थापकीय संचालक आणि धनादेशावर सही करणारा यांची जबाबदारी मात्र त्यांच्या स्थानावरूनच येते. सुटका होते, पण त्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावे लागते आणि वकिलाची फी कंपनी देत नाही. घरच्या माणसाला संचालक करताना हा विचार होत नाही.

वसुलीला निघालेल्यांची सर्वांत मोठी चूक दाव्याच्या पहिल्या पानावर होते. दावा फक्त कंपनीवर लावला जातो, चार-पाच वर्षांनी हुकूमनामा मिळतो, कंपनी रिकामी निघते आणि मग संचालकांच्या घरावर जप्ती मागितली जाते. अंमलबजावणी करणारे न्यायालय हुकूमनाम्याच्या पलीकडे जाऊ शकत नाही. ज्याचे नाव त्यात नाही त्याच्याकडून वसुली सहसा होत नाही. म्हणून संचालकांवर ठपका ठेवायचा असेल तर त्यांना सुरुवातीपासून पक्षकार करावे लागते आणि फसवणूक म्हणजे नेमके काय, कोणी, कोणत्या तारखेला, कोणत्या कागदाने केली, हे तपशिलाने लिहावे लागते. 'सर्वांनी संगनमताने फसवले' या वाक्याला न्यायालयात किंमत नसते. कंपनीच्या खात्यातून संचालकाच्या घरखर्चाला गेलेले पैसे, भगिनी-कंपनीला बिनव्याजी दिलेली कर्जे, एकाच पत्त्यावर चालणाऱ्या पाच कंपन्या, थकबाकीनंतर नातेवाइकांना विकलेली यंत्रे, न झालेल्या सभांची इतिवृत्ते, हा खरा पुरावा. यातला बराचसा कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर थोडे शुल्क भरून मिळणाऱ्या ताळेबंदात आणि तारणांच्या नोंदीत सापडतो.

हुकूमनामा हाती आल्यावरही एक उपाय उरतो, जो क्वचितच वापरला जातो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ४१ खाली पैशाच्या हुकूमनाम्यातील ऋणको कंपनी असेल तर तिच्या अधिकाऱ्याला न्यायालयात बोलावून मालमत्तेबद्दल तोंडी विचारणा करता येते, शपथपत्रावर यादी मागता येते, आणि ती दिली नाही तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेचा आदेश होऊ शकतो. पैसा कोठे गेला याचा माग बहुधा या उलटतपासणीतून लागतो, आणि तो लागला तरच बुरख्याआडच्या माणसाविरुद्ध पुढचा अर्ज टिकतो.